चौथं पाखरू

आमच्या घराण्यातल्या एकतीस लग्नांची तोरणं माझ्या हातची आहेत. बत्तिसावं लग्न माझ्या सख्ख्या भाचीचं, कीर्तनाचं. कामांची यादी आली तेव्हा 'सजावट आणि तोरणं' यापुढे नाव होतं भुवनाचं.

यादी मोबाइलवर आली, तमिळमध्ये. माझा धाकटा भाऊ गोपालकृष्ण, म्हणजे कीर्तनाचा बाप, त्याने लग्नासाठी सगळ्यांचा ग्रुप काढला होता. स्वयंपाक अमक्याकडे, गाड्या तमक्याकडे, भटजींची सोय आमच्या ह्यांच्याकडे, म्हणजे शेषाद्रींकडे. मी बोट सरकवत सरकवत अगदी तळाला पोचले. तिथे होतं, 'अंबा आत्या : आशीर्वाद.'

"हे काम आहे?" मी ह्यांना विचारलं.

"मोठं काम आहे. बसून करायचं असतं."

"बसवलंच आहे मला."

"वय बघून मान दिलाय, अंबे."

साठीच्या बाईला मान कधी देतात आणि रजा कधी, हे मला कळतं. मी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं. भुवनाने लगेच त्याला लाल बदाम चिकटवला.

भुवना ही कीर्तनाची मावशी, चेन्नैला राहते. मी तिला पंचवीस वर्षं बघते आहे आणि इतक्या वर्षांत तिच्याविरुद्ध माझ्याकडे जमा काय, तर एकदा ती माझ्या रव्याच्या लाडवांना 'हलके आहेत, तब्येतीला चांगले' असं म्हणाली. बाकी काही नाही. कुणाचं वाईट बोलत नाही, आवाज चढवत नाही, चार तास बसून उठली तरी तिच्या साडीची निरी मोडत नाही. असल्या माणसाशी भांडण काढायचं तरी कुठून?

गोपूचं घर पापनाशमच्या पुढे, कालव्याच्या काठाला. मागे ऐसपैस परस आहे. विहीर, गोठा, सोळा नारळ, एक आंबा. लग्न कुंभकोणच्या हॉलमध्ये होणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण बंगळूरला नोकरी करणाऱ्या कीर्तनाने जाहीर केलं की लग्न परसातच होणार, आणि 'रस्टिक' होणार. म्हणजे काय ते भुवनाने ग्रुपवर समजावलं. सगळं गावातल्यासारखं दिसलं पाहिजे. गोपू जन्मापासून गावात राहतो. त्याने विचारलं, मग आता कसं दिसतं?

लग्नाला तीन आठवडे असताना भुवना आमच्याकडे आली, तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत. द्राक्षं घेऊन आली. पाया पडली. मग म्हणाली, "अक्का, माझ्याबरोबर चेन्नैची चार मुलं येणार आहेत सजावटीला. त्यांना झावळी कुठून धरायची तेही ठाऊक नाही. तुम्ही एक दिवस येऊन शिकवाल? मला पण शिकायचंय. कीर्तना म्हणते, आत्यासारखी तोरणं कुणालाच येत नाहीत."

कीर्तना म्हणते. मग कीर्तनाने यादीत का नाही म्हटलं?

"बोटं दुखतात गं," मी म्हटलं. त्याच सकाळी मी दोन नारळ खवले होते.

"अय्यो. मग राहू दे. एखादा नमुना आहे का घरात?"

"फोटो बघ की. आमच्याकडचे सगळे जुने फोटो त्या डब्यात आहेत. हवे ते घे."

बिस्किटांचा पत्र्याचा डबा मी तिच्यापुढे सरकवला. झाकणसुद्धा काढून दिलं नाही. ती जमिनीवर मांडी घालून तासभर फोटो चाळत बसली आणि आवडलेल्यांचे मोबाइलवर फोटो काढत राहिली. मी आत जाऊन भांडी घासली. ती घासलेलीच होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला आम्ही गोपूकडे पोचलो. तमिळ तै महिना, म्हणजे पौष-माघ, भाताची कापणी उरकलेली, त्यामुळे ऊन कोवळं आणि हवेला पेंढ्याचा वास. पाच वाजता नवरा मुलगा विघ्नेश आणि त्याच्याकडची माणसं सीमांतपूजनाला यायची होती. घरात पाऊल न ठेवता मी सरळ परसात गेले. आधी दोष मोजावे, मग कॉफी प्यावी, असा माझा हिशेब.

सुरुवात चांगली झाली. पाहुण्यांना बसायला भाताच्या पेंढ्याचे चौकोनी गठ्ठे मांडले होते, त्यांवर पांढरी कापडं. गोपूच्या गायीने दावं ताणून कोपऱ्यातली एक बैठक अर्धी खाल्ली होती. एक झालं. मांडवाच्या बाजूला बैलगाडीचं चाक उभं केलं होतं, चेन्नैच्या दुकानातून आणलेलं, चुन्यासारखं पांढरं रंगवलेलं. गोपूच्या घरच्या गाडीचं चाक 'फारच जुनं दिसतं' म्हणून गोठ्यामागे टाकलं होतं. दोन. आणि खरा गोठा दिसू नये म्हणून त्याच्यापुढे गोणपाटाचा पडदा लावला होता. तीन.

पण बाकीचं परस, खरं सांगते, सुरेख दिसत होतं. विहिरीच्या कठड्यावर मातीच्या मडक्यांतून झेंडू. आंब्याखाली पितळी समया. झाडाझाडांतून सुतळ्या ताणलेल्या आणि त्यांवर नारळाच्या कोवळ्या पातीची तोरणं, हिरवी-पिवळी, वाऱ्यावर एकदम हलणारी. माझ्याशिवाय झालं होतं, आणि चांगलं झालं होतं. मी खोट शोधायला म्हणून एका तोरणाच्या अगदी खाली जाऊन उभी राहिले.

आमच्याकडचं तोरण म्हणजे नारळाची एकेक पात. तिला वरच्या बाजूला घड्या घालून पाखरं काढायची, खालची पात लोंबती ठेवायची. पाखरं दिसायला सारखीच, पण लग्नाच्या तोरणात चार असतात. तीन असतात ती मयताच्या घरी बांधतात, आणि गोपूच्या घरात ती कुणी मोजत नाही.

मी मोजलं. एक, दोन, तीन. शेजारचं मोजलं. तीन. सगळी सुतळी मोजत विहिरीपर्यंत गेले. परसातल्या एकूण एक तोरणावर तीनच पाखरं बसली होती.

मला आनंद झाला. त्यात लपवायचं काय? भुवनाची एक चूक मला पंचवीस वर्षांनी सापडली होती आणि ती एकशेऐंशी वेळा लटकत होती.

मग मी शांतपणे मागच्या ओसरीवर येऊन बसले आणि कॉफी मागितली. मला काही करायचंच नव्हतं. विघ्नेशच्या आजीची बहीण ताराबाई पाच वाजता येणार होती. ब्याऐंशी वर्षांची बाई, आमच्या तंजावूरच्याच एका जुन्या मराठी घराण्यातली, लग्नात नवरीच्या आधी तोरण बघणारी. ती काठी टेकून उभी राहील, मान वर करील, आणि भुवनाला चारचौघांत विचारील, हे कुणाच्या मयताचं? मला फक्त आशीर्वाद द्यायचा होता.

भुवना स्वतः कॉफी घेऊन आली.

"कसं वाटलं, अक्का?"

"छान. तोरणं विशेष," मी म्हटलं. "नमुना कुठला गं?" पुढे कुणी विचारलं तर तिच्याच तोंडचं उत्तर हाताशी असावं, एवढ्यासाठी.

"तुमचाच की. सगळ्यांत सुंदर तोच वाटला मला." तिने मोबाइल काढला. "हे बघा. किती माणसं, किती फुलं. कुणाचं लग्न होतं हे?"

मी बघितलं. हेच परस, हीच विहीर. झाडांतून तोरणं, झेंडूचे ढीग, नव्या धोतरांतले पुरुष, वाजंत्री. आणि एका कडेला वेताची रिकामी खुर्ची, तिला हार घातलेला.

ते लग्न नव्हतं. आमच्या वडिलांचा, बाळकृष्णरावांचा शेवटचा दिवस होता तो. त्र्याण्णव वर्षांचे होऊन, पणतवंडं मांडीवर घेऊन गेले. असा म्हातारा गेला की इकडे त्याला कल्याणच म्हणतात, म्हणजे लग्नच. रडत नाहीत, वाजंत्री लावतात, घर सजवतात. तोरण वळायला त्यांनीच मला शिकवलं होतं, ह्याच परसात, म्हणून त्या दिवशीची सगळी तोरणं मी एकटीने वळली होती. तीन पाखरांची. तो फोटो बिस्किटांच्या डब्यात होता, आणि डबा मी न उघडता हिच्यापुढे सरकवला होता.

"आणि हे बघितलंत का?" भुवना म्हणाली. तिने मला हाताला धरून परसाच्या फाटकापाशी नेलं. तिथे एक पाटी टांगली होती, शाळेतली काळी पाटी, लाकडी चौकटीची. कीर्तनाने तिच्यावर खडूने तमिळमध्ये लिहिलं होतं, 'तोरणं : अंबा आत्याच्या नमुन्याची.' खाली दोन चिमण्याही काढल्या होत्या. "कीर्तना म्हणाली, यादीत आत्याला काम लावलं तर ती उन्हात उभी राहून हात मोडून घेईल. पण नाव तिचंच पाहिजे."

मी 'बरं' म्हटलं.

तीन तास होते. कीर्तनाला खरं सांगायचं म्हणजे तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिला सांगायचं की तुझ्या मांडवाला आजोबांच्या मयताची तोरणं लागली आहेत. ती हसेल, बंगळूरची आहे. पण पुढे कधी घरात भांडण झालं, कधी ताप आला, की तिला ती तोरणं आठवतील. भुवनाला सांगायचं, तर ती आत्ता पांढरी पडेल आणि ते कीर्तनाला दिसेल. कारण न सांगता सगळं खाली उतरवायला लावायचं, तर कुणाचं ऐकतील? आणि जळफळाटाने उतरवायला लावलं म्हटलं तर सगळ्यांना पटेल, पुढे कुणी कारण विचारणार नाही, अशी बाई कोण?

अशी बाई घरात एकच होती. तिच्याकडून सगळ्यांची अपेक्षाही तीच होती.

"गोपू," मी मोठ्याने हाक मारली. "हे खाली उतरव."

"काय?"

"तोरणं. सगळी. मज हे चालणार नाही. विरळ आहेत, भिकार दिसतात. माझं नाव लावलंत ना त्या पाटीवर? मग माझ्या नावाला शोभेल असं करा."

चेन्नैची मुलं शिडीवर थांबली. कीर्तनाची आई हातातली पळी घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली. गोपू म्हणाला, "अक्का, पाच वाजता माणसं येतायत. सगळे म्हणतायत छान आहे."

"सगळ्यांना काय कळतंय?"

कीर्तना आली. हातांवर मेंदी, दोन्ही कोपरं बाजूला धरलेली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भुवनाकडे.

"आत्या, मावशी चार दिवस खपली आहे."

"दिसतंय."

"तुला बघवत नाही ना?"

"नाही बघवत," मी म्हटलं.

ती फाटकापाशी गेली आणि मेंदी लागू नये म्हणून मनगटाने पाटीवरचं माझं नाव पुसून टाकलं. दोन चिमण्या राहिल्या. मग शिडीवरच्या मुलाला तिने 'भुवना मावशी' असं लिहायला लावलं.

एवढा वेळ आमचे हे आंब्याखाली उभे होते. त्यांनी मान वर केली. ओठ हलताना मला दिसले, एक, दोन, तीन. वडिलांच्या दिवशी हेच माझ्या शेजारी बसून पाती सोलून देत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, धोतर खोचलं, लांब काठीला कोयती बांधली आणि म्हणाले, "सरि, ठीक आहे. झावळ्या मी पाडतो. उतरवलेली सगळी गायीपुढे टाका, तिची बैठक संपत आली आहे."

अडीच वाजता आम्ही विहिरीपाशी सुपं आणि चटया घेऊन बसलो. मी, भुवना, आणि सोलून द्यायला हे. भुवनाच्या चेहऱ्यावर रागाचं काही नव्हतं, तोच एक वैताग. तिने पात हातात घेतली.

"दाखवा, अक्का."

मी दाखवलं. मधली शीर चिरायची, डावी पट्टी मागून आणायची, दुमडायची, आत खुपसून चोच ओढून काढायची. एक पाखरू. तिथून पुढे दुसरं. तिने पहिलं बिघडवलं, तेवढं बरं वाटलं. दुसरं बऱ्यापैकी जमलं. पाचव्या तोरणानंतर तिचे हात बघायचं मी सोडून दिलं.

विसाव्याला ती थांबली.

"अक्का, ह्यात चार आहेत."

"हं."

"आधीच्यांत तीन होती."

"तीन गरीब दिसतात."

तिने मोबाइल उघडला. तो फोटो बोटांनी मोठा केला. झेंडू, धोतरं, वाजंत्री, मग कडेची ती खुर्ची. तिचं बोट खुर्चीवर थांबलं. मग तिने आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, आणि हे उगाचच एक पात दोनदा सोलायला लागले.

"कीर्तनाला सांगायचं नाही," मी म्हटलं.

"पण ती तुम्हाला काय समजली असेल, अक्का. मी तिला एवढं सांगते की..."

"काही सांगायचं नाही. फोटो पुसून टाक. आणि हात चालव, साडेतीन झाले."

तिने फोटो पुसला. नंतर सव्वा तास दर मिनिटाला तिच्या पुढ्यात एक तोरण पडत गेलं.

पाचला दहा मिनिटं असताना शेवटची सुतळी ताणली. सनई सुरू झाली, गाड्या लागल्या, आणि ताराबाई काठी टेकत सगळ्यांत आधी फाटकातून आत आली. नवरीकडे बघितलं नाही. उभी राहिली, मान वर केली. तिचेही ओठ हलले. ह्या सुतळीपासून त्या सुतळीपर्यंत मोजत गेली, आणि मी तिच्या ओठांकडे बघत माझ्याही नकळत तिच्याबरोबर मोजत होते. चार. चार. चार.

मग ती म्हणाली, "पाय धुवायला पाणी कुठे?"

मी तिला विहिरीकडे नेलं. वाटेत गोणपाटाचा पडदा होता. तो तिने काठीने बाजूला सारला, कारण पडदा दिसला की मागे काय आहे ते बघायचंच, अशी ती बाई. गोठ्याच्या खांबाला एक तोरण तसंच राहिलं होतं. तीन पाखरांचं.

ताराबाईने ते बघितलं. मला बघितलं. मागे वळून परसातली सगळी तोरणं पुन्हा एकदा बघितली, त्यांची ताजी हिरवी पात बघितली. सुकलेला एकही तुकडा कुठे नव्हता. माझ्या बोटांना चिरा पडल्या होत्या, त्याही बघितल्या.

"हे आणखी कुणी बघितलं?"

"घरच्या दोघांनी. मुलीने नाही."

तिने हात वर करून तोरण ओरबाडलं, मधोमध फाडलं आणि गायीच्या तोंडापुढे धरलं. गायीने तेही खाल्लं.

"मग मीही नाही बघितलं," ताराबाई म्हणाली. "पाणी दे."

पाय धुऊन ती मांडवात जाऊन बसली. सीमांतपूजन झालं, कॉफी झाली. दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळून कोण कुणाचं कोण ते विचारू लागली. एक तोरण ताराबाईच्या डोक्यावरच लोंबत होतं. ते तिने बोटांत धरलं आणि कीर्तनाला जवळ बोलावलं.

"हे कुणाच्या हातचं गं? चोच बघ कशी काढली आहे. असं मज लहानपणानंतर बघायला मिळालं नाही."

मी एकतीस लग्नांची तोरणं केली होती. चोच ही माझी खासियत.

"मावशीचं," कीर्तना म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "आजच शिकली. दुपारी सगळं परत करायला लागलं ना."

मी वाकून बघितलं. खरंच भुवनाचं होतं. माझी चोच जराशी गोल येते, पात ओढताना माझा अंगठा आड येतो. हिची सुईसारखी टोकदार होती. आजच शिकली आणि टोकदार. मी बाजूची चार तोरणं बघितली, त्यांतली दोन माझी होती, आणि ती दोन कुठली ते लांबूनही ओळखू येत होतं.

भुवना मांडवाच्या पलीकडे उभी होती. तिने हे ऐकलं. तिचं तोंड उघडायला लागलं, ते मला दिसलं. ती आता सांगणार होती, अक्कांनी शिकवलं, अक्कांमुळेच झालं, वगैरे सगळं. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने तोंड मिटलं. मग ती ताराबाईच्या पाया पडली आणि ती स्तुती गपचूप अंगावर घेतली. तेवढं तरी तिला जड गेलं, हे मी नोंदवून ठेवलं आहे.

दिवेलागणीला पाहुणे जेवायला गेले. मी विहिरीच्या कठड्यावर एकटी बसले होते. सुपात दोन-चार पाती उरल्या होत्या, त्यांतली एक घेऊन मी चोच काढून बघत होते. गोल आली. पुन्हा काढली. अंगठा आड येत होता. तिसऱ्यांदा पात फाटली.

भुवना आली आणि शेजारी बसली. निरी अजून मोडली नव्हती. तिने माझ्या हाताकडे बघितलं. मी ती बसली आहे हे न बघितल्यासारखं करून आणखी एक पात वाया घालवली. मग दुसरा मार्ग उरला नाही.

"ती चोच कशी काढतेस," मी म्हटलं, "दाखव बघू."

भुवनाने उरलेली शेवटची पात उचलली, उलटसुलट करून बघितली, पुन्हा सुपात ठेवली आणि दोन्ही हातांची बोटं दाबत बसली.

"बोटं दुखतात, अक्का," ती म्हणाली. "फोटो पाठवू?"

एवढं बोलून तिने पात पुन्हा उचलली, माझ्या बोटांत दिली आणि माझा अंगठा स्वतःच्या हाताने बाजूला केला.